डावीकडे सात, उजवीकडे आठ

माझ्या उजव्या हाताची वीत बरोबर नऊ इंचांची आहे. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत, बोटं पूर्ण ताणून. नोकरीला लागलो त्या वर्षीच स्टीलच्या पट्टीवर मोजून ठेवली होती, कारण पट्टी जवळ नसताना काहीतरी हाताशी असावं. बायकोची वीत किती इंचांची आहे, हे मात्र लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यावरून गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे तीन दिवस जी धावपळ झाली, ती लिहून ठेवतो.

आम्ही बदलापूरला राहतो. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि मापात बसत नसतील तर परत पाठवायचे. घरीही सवय सुटत नाही. पडद्याचं कापड, फ्रीजमागची जागा, गॅलरीत कुंड्या किती मावतील, सगळं मी मोजतो. बायको म्हणते, "पोळी गोल नसली तर परत पाठवाल एखाद्या दिवशी." अजून पाठवलेली नाही.

मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेली, तेव्हा बायकोने अंबरनाथला चित्रकलेचा वर्ग लावला. तिथले सर शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलाशिक्षक. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते तोंडावर. पहिली दोन वर्षं तिने तांब्ये, वांगी, खिडकीतला पडदा असं काढलं. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "मला शिवमंदिर आतून काढायचंय."

अंबरनाथचं जुनं दगडी शिवमंदिर बाहेरून सगळेच काढतात. हिला आतलंच हवं होतं, त्याला कारण होतं. तिचं माहेर उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये. लहानपणी महाशिवरात्रीच्या जत्रेला वडील तिला खांद्यावर बसवून न्यायचे. आत एवढी रेटारेटी असायची की तिला दिसायचे फक्त खांबांचे माथे आणि वरचं घुमटासारखं छत. "खाली काय आहे ते मी मोठी होईपर्यंत बघितलंच नव्हतं," ती सांगायची. म्हणून तिला तो सभामंडप काढायचा होता, कोणीही नसलेला, जमिनीपासून छतापर्यंत.

वर्षातून एकदा सर वर्गाचं प्रदर्शन भरवतात. हॉलमध्ये दाराच्या बरोबर समोर एक भिंत आहे आणि तिच्यावर एकच खिळा. बाकी चित्रं बाजूच्या भिंतींवर ओळीने लागतात, समोर फक्त एक. दिवाळीनंतर सरांनी हिचं अर्धं झालेलं चित्र बघितलं आणि म्हणाले, "वेळेत झालं तर समोर लावू." त्या दिवशी घरी येताना ती स्टेशनच्या जिन्यावर दोन दोन पायऱ्या चढत होती. तिच्या गुडघ्याला डॉक्टरांनी एक एकच सांगितलेली आहे.

माझा या चित्राशी संबंध मापांपुरता.

चित्र असं होतं. पश्चिमेच्या दाराशी बसलं की समोर मंडप दिसतो. पुढे डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन जाडजूड कोरीव खांब, त्यांच्या मागे आणखी दोन, आणि त्यांच्यामधून गाभाऱ्याचं दार. गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि त्याच्यावर आभाळ उघडं आहे. त्यामुळे उजेड वरून खड्ड्यात पडतो आणि पायऱ्यांवरून चढून मंडपात येतो. हिला तो उजेड पकडायचा होता आणि मला खांबांची उंची.

पहिल्या रविवारी मी स्टीलची टेप घेऊन गेलो. पहारेकऱ्याने पिशवीतली टेप बघून विचारलं, "सर्व्हेवाले का?" मी नाही म्हणालो. त्याने आत सोडलं, पण परवानगीशिवाय अशा ठिकाणी टेप लावणं मलाच पटेना. टेप पिशवीत गेली. मग मी वितीने मोजायला लागलो. दगडाला घासायचं नाही, हात नुसता समोर धरायचा.

खांबाचा खालचा भाग चौकोनी आहे. तो संपून जिथे खांबाला जास्त कोन येतात, तिथे एक कोरीव पट्टा येतो. डाव्या खांबाला जमिनीपासून त्या पट्ट्यापर्यंत सात विती भरल्या. मी वहीत रकाने आखून लिहिलं. पुढच्या रविवारी माझ्या अंगठ्याला पट्टी होती, कारखान्यात पत्र्याची धार लागली होती. म्हणून मी बायकोला म्हणालो, "तू वीत लाव, मी लिहितो."

उजव्या खांबाला आठ भरल्या.

"पण हा त्याच्याएवढाच दिसतोय हो मला," ती म्हणाली.

"दिसण्यावर काय आहे? आठ भरल्यात. तूच मोजल्यास."

"हो, पण बघा ना जरा."

"हे बघ, इथले खांब एकासारखा दुसरा नाही असं सगळेच सांगतात. असेल हा उंच. डोळ्याला वाटतं ते वेगळं आणि मापात येतं ते वेगळं."

तिने पुन्हा एकदा दोन्हीकडे बघितलं. मी वहीत शेरा लिहिला : "उजवा खांब वेगळा. तपासलं." खाली कारखान्यात करतो तशी छोटी सही केली.

त्या वहीवरून तिने कॅनव्हासवर रेघा आखल्या आणि पुढे चार महिने रंगवलं.

प्रदर्शन रविवारी होतं. चित्रं शनिवारी पाचच्या आत हॉलवर पोचवायची होती. गुरुवारी आम्ही चित्र घेऊन कॅम्प दोनला फ्रेमवाल्याकडे गेलो. तिच्या माहेरच्या गल्लीतलंच दुकान, मालक सिंधी, साठीच्या पुढचे. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्यांचे फोटो, सगळं आयुष्य त्यांनी लाकडाच्या चार पट्ट्यांत बसवलेलं. त्यांनी चित्र भिंतीला टेकवलं, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि एक डोळा मिटला.

"दीदी, काम एकदम फर्स्ट क्लास आहे. खाली तो उजेड आलाय ना, बघूनच थंड वाटतं. एक बात बोलू? गुस्सा नाही करायचा."

"बोला ना काका."

"हा राइटवाला खांबा वर कशाला चढला?"

मी म्हणालो, "तो तसाच आहे. मोजलाय मी."

"मोजला असेल साईं. पण मी सगळी जिंदगी भिंतीवर फोटो सरळ लावत आलोय. माझा डोळा बोलतो, चढला."

"हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम आहे ते," मी जरा आवाज चढवून म्हणालो.

"मग तर पक्का सरळ असेल," ते म्हणाले. "आजकालचे वाकडे बांधतात."

फ्रेम शुक्रवारी संध्याकाळी मिळणार होती. चित्र घेऊन आम्ही निघालो. विठ्ठलवाडीला लोकल पकडली. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

घरी पोचल्यावर मी चपला काढायच्या आधी वही काढली. सात. आठ. एकक : वीत. रकाने सरळ, अक्षर स्वच्छ, सही जागेवर. आणि तारखेवर नजर गेल्यावर मला तो अंगठा आठवला. पट्टी बांधलेला.

"अगं, हात आण तुझा."

"कणीक मळतेय."

"तसाच आण."

तिने पिठाचा हात टेबलावर ठेवला. मी स्टीलची पट्टी लावली. बोटं ताणायला सांगितली, पुन्हा लावली. आठ इंचांना एक सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडे अजून तसंच बोलतात. मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. माझ्या सात विती, नवाने गुणल्या, त्रेसष्ट इंच. तिच्या आठ विती, आठाला एक सूत कमीने गुणल्या.

"त्रेसष्ट!" मी ओरडलो. "दोन्ही त्रेसष्ट! सुताचाही फरक नाही!"

मी खरोखर खुर्चीवरून उठलो होतो. दोष कुठून आला ते सापडलं की मला आनंद होतो, तीस वर्षांची सवय आहे. ती पिठाच्या हाताने तशीच उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"तुम्हाला आनंद झालाय?"

तेव्हा मला समजलं की हा भाग परत पाठवायला समोर दुसरं कोणी नाही. मोजणारा मी, तपासणारा मी, आणि चार महिने चुकीच्या रेघेवर बसून रंगवत होती ती. समोरची भिंत तिची जाणार होती, माझी नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

"ते नंतर बोलू," ती म्हणाली. "किती खाली आणावा लागेल?"

"चित्रात दीड इंच."

ती आतल्या खोलीत चित्रासमोर जाऊन उभी राहिली. कणीक मीच मळली.

शुक्रवारी सकाळी मी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणालो, खांब बघायचाय. त्यांनी अर्जावर सही केली. चित्राला हात लावण्याआधी मला खात्री हवी होती आणि या वेळी वितीवर माझा विश्वास नव्हता. बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. पहारेकरी आता ओळखीचा झाला होता.

"आज काय मोजताय काका?"

"मोजत नाही. दोरा आहे नुसता. दोन खांबांसमोर धरून बघायचाय, चालेल का?"

"धरा की. लांबून धरा."

डाव्या खांबासमोर मी दोऱ्याचं एक टोक जमिनीशी धरलं, बायकोने पट्ट्याच्या उंचीवर गाठ मारली. तोच दोरा घेऊन आम्ही उजव्या खांबाकडे गेलो. पाचसहा पावलं असतील, पण गाठ सरकू नये म्हणून मी ती चिमटीत धरून नेली. पहारेकरीही मागोमाग आला. मी खाली बसलो, टोक जमिनीला टेकवलं, बायकोने दोरा वर ताणला.

"गाठ कुठे आली?" मी खालून विचारलं. मला दिसत नव्हतं.

दोरा वर आणखी थोडा ताणला गेला.

"अगं, कुठे आली?"

"पट्ट्यावर," पहारेकरी म्हणाला. "बरोबर पट्ट्यावर. म्हणजे बांधणाऱ्याचं बरोबर होतं?"

"हो."

"मग ठीक. तुमचं चुकलं तर चालतंय."

बायको हसायला लागली. गुरुवारपासून पहिल्यांदा हसली. मग मला म्हणाली, "जरा इथे बसा." ती दर वेळी बसायची त्या जागी, दाराशी. मी बसलो. इतक्या रविवारी मी तिथे गेलो होतो, पण बसलो कधीच नव्हतो. मी उभा राहून मोजायचो. बसल्यावर गाभाऱ्याचं दार खोल दिसायला लागलं आणि त्यातून तो उजेड पायरी पायरीने वर येताना दिसला. खांबांच्या आतल्या कडांना तो फक्त एक बोटभर लागलेला होता आणि बाकी खांब काळेभोर. तिने चित्रात तो अगदी तेवढाच घेतला होता. मी न राहवून म्हणालो, "अगं, हे तर तुझ्या चित्रासारखं आहे!"

"उलट आहे ते," ती म्हणाली. "चला आता, वेळ नाही."

शुक्रवारी दुपारी तिने पलंगावर जुनी चादर टाकली, साडीचा पदर खोचला आणि रंग खरवडायची सुरी हातात घेतली. पहिला वाळका पापुद्रा निघाला तेव्हा मी तोंड फिरवलं. ती मात्र भराभर खरवडत गेली, वांग्याची सालं काढावीत तशी. पट्टा खाली येणार म्हणजे त्याच्या वरचं सगळंच खाली येणार. खांबावरच्या कोरीव आकृतींची एक पूर्ण ओळ गेली. संध्याकाळी मी कॅम्प दोनला जाऊन फ्रेम घेऊन आलो. फ्रेमवाल्यांना सगळी हकीकत सांगितली, वितीसकट. ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

शनिवारी सकाळी सहाला तिने ब्रश धरला. मला स्वयंपाकघराची नेमणूक होती. मी खिचडी टाकली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, तेवढं मोजायची परवानगी होती. दहाच्या सुमाराला तिने हाक मारली.

"इकडे या. पट्टी नको. दारात उभे राहा आणि सांगा."

"काय सांगू?"

"सारखे दिसतात का?"

"थांब, मी पट्टी..."

"पट्टी माझ्या मांडीखाली आहे. मिळणार नाही. बघा आणि बोला."

मी फ्रेमवाल्यांसारखा एक डोळा मिटला. काहीच समजेना. मग दुसरा मिटला. "उजवा अजून... किंचित वर आहे. साधारण दोन सूत..."

"सूत नको. वर आहे ना?"

"वर वाटतो."

"वाटतो ना? मग तसं बोला." तिने कापडाने ओला रंग पुसला आणि पट्टा जरा खाली घेतला. "आता?"

"आता खाली गेला."

"नक्की?"

"नक्की वाटतं."

असं सात वेळा झालं. आठव्या वेळी मी काही बोललोच नाही, कारण माझी नजर दोन्ही खांबांच्या मधून सरळ आत गेली, पायऱ्यांकडे. खांबांकडे बघायचं राहूनच गेलं. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि ब्रश खाली ठेवला.

"झालं," ती म्हणाली.

साडेतीन वाजले तेव्हा वरच्या आकृती अर्ध्याच झाल्या होत्या. जिथे पुरलं नाही तिथे तिने सावली ठेवली. तेलरंग, म्हणजे वाळायला काही दिवस. चित्र तीन फुटांवर अडीच फूट, ओलं, आणि बदलापूरहून अंबरनाथला न्यायचं. मी रिक्षा थांबवली.

"साईबाबा का?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नाही. खांब आहेत. ओले आहेत. पडदे दोन्हीकडून सोडा, धूळ बसायला नको."

"लग्नाचा केक नेतो तसा नेतो बघा. बसा काकू."

चित्र आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर उभं, तोंड पुढे. रिकामी फ्रेम माझ्या गळ्यात, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. प्रत्येक गतिरोधकाला रिक्षावाला आधी ओरडायचा, "खांब सांभाळा!" आणि आम्ही श्वास रोखून धरायचो. एकदा शेजारून ट्रक गेला तेव्हा पडदा आत फुगला आणि रंगापासून चार बोटांवर येऊन थांबला. बायकोने तो पायाने बाहेर ढकलला. तिचा गुडघा, डॉक्टरांनी जपायला सांगितलेला.

पाचला बारा मिनिटं कमी असताना आम्ही हॉलच्या दारात होतो. बाजूच्या भिंती भरल्या होत्या. समोरचा खिळा रिकामा होता, पण त्याच्याखाली दुसरं एक चित्र टेकवून ठेवलेलं होतं, कमळांचं. बायकोने ते बघितलं. मीही बघितलं.

सर आले. वाकले. वास घेतला.

"ओलं आहे."

"हो सर."

"इथे वरचं अर्धं आहे."

"हो सर. मापात घोळ झाला होता. खांब खरवडून पुन्हा केला."

"माझ्यामुळे," मी म्हणालो. फ्रेम अजून माझ्या गळ्यातच होती. "तिला पहिल्यापासून बरोबर दिसत होतं. मी मोजून चुकवलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला मोजायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

त्यांनी चित्र भिंतीपाशी उभं केलं आणि दारापर्यंत चालत गेले. तिथून बघत राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, त्यामुळे किती वेळ ते सांगता येणार नाही. बायकोने माझी बाही घट्ट धरली होती. मग सर परत आले, कमळांचं चित्र उचललं आणि बाजूच्या भिंतीकडे घेऊन निघाले.

"फ्रेम गळ्यातून काढा," जाता जाता मला म्हणाले. "चित्राला लागेल ती."

रविवारी हॉलमध्ये चांगली गर्दी होती. दारातून आत येणारा माणूस आधी समोर बघायचा आणि दोन पावलं तसाच पुढे यायचा, मग बाजूला वळायचा. मी किती माणसं आली ते मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. चित्राखाली मी मोठ्या अक्षरात कागद लावला होता : "रंग ओला आहे. हात लावू नये." बायको नवी साडी नेसून कोपऱ्यात उभी होती आणि कोणी काही विचारलं की, "हो, मीच," एवढंच म्हणत होती.

दुपारी फ्रेमवाले आले, पत्नीला घेऊन. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. ते सरळ चित्रापुढे गेले आणि त्यांनी हात उचलला, बोटं फाकवली.

"हात लावू नका!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. अख्खा हॉल वळला.

"लावत नाही दीदी, लावत नाही," ते म्हणाले. ते चित्रापासून चांगले हातभर लांब होते. त्यांनी हवेतच वीत धरली, आधी डाव्या खांबासमोर, मग हात तसाच ताठ ठेवून उजव्या खांबासमोर.

"किती भरलं?" मी विचारलं.

"इथे एक, तिथे पण एक." मग माझ्याकडे वळून त्यांनी तोच पंजा माझ्या नाकासमोर हलवला. "पण दोन्ही माझ्याच, साईं."

बायको एवढ्या मोठ्याने हसली की सरांनी दारातून बोट ओठांवर ठेवलं.